रस्ता चूक माफ करतो का?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



जळगाव शहरात महामार्गावरच्या एका चौकाला आकाशवाणी चौक असे नाव आहे. रेडिओच्या नावाचा चौक असणे ही तशी मिरवण्याची गोष्ट. पण जळगावच्या माणसाला हे नाव ऐकून गाणी आठवत नाहीत की बातम्या आठवत नाहीत. त्याला आठवतो तो रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरण्याचा क्षण. एकीकडून धुळ्याचे ट्रक, दुसरीकडून भुसावळचे, आणि मधून वाट काढणारी शाळेची रिक्षा, दूधवाला, मुलीला क्लासला सोडायला निघालेली आई. या रस्त्याला आपण अजून 'सहा नंबर' म्हणतो. २०१० साली देशातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले आणि कागदावर तो ५३ झाला. धुळ्यातून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे आपला 'तीन नंबर', आता धुळ्याच्या दक्षिणेला ६० आणि उत्तरेला ५२ आहे. ढाब्यावर विचाराल तर आजही जुनाच नंबर सांगतील.

मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक. तीस वर्षे मुलांना वेग, बल आणि घर्षण शिकवले. त्यांतला एक मुलगा बारावीच्या निकालानंतर आठवडाभरातच महामार्गावर गेला. दुचाकीवर होता, डोक्यावर काही नव्हते. मी घरी भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील एवढेच म्हणाले, "सर, काळ आला होता." मी मान हलवली. त्या घरात दुसरे काही बोलणे शक्य नव्हते. परतताना मात्र अपघाताच्या जागी थांबलो. तिथे दुभाजकात कोणीतरी सोयीसाठी फोडलेली फट होती. पलीकडे पेट्रोलपंप. दुभाजकावरची कण्हेर इतकी वाढलेली की दुचाकीवर बसल्या उंचीवरून पलीकडचे वाहन दिसतच नव्हते. पुढच्या दीड वर्षात त्याच फटीपाशी आणखी दोन माणसे गेली. काळच आला असेल, तर त्याला त्या जागेचा पत्ता चांगला ठाऊक होता.

आज मला बोलायचे आहे ते या पत्त्याबद्दल.

अपघातानंतर पोलिसांत जी फिर्याद लिहिली जाते, तिच्यात एक वाक्य बहुधा ठरलेले असते. भरधाव वेगात, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून, वगैरे. पूर्वी त्यासाठी भारतीय दंड संहितेचे ३०४-अ कलम लागे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम लागते. गुन्हा दाखल व्हायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ते वाक्य लिहून झाले की आपल्या सगळ्यांच्याच मनातला तपास चालकापाशी थांबतो. चालक चुकला, संपले. कण्हेर वाढत राहते, फट तशीच राहते.

चालक चुकतो हे खरेच आहे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. केंद्र सरकारच्या अहवालात यातल्या दहापैकी सात मृत्यूंपुढे अतिवेग हेच कारण लिहिले आहे. पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या दोन टक्क्यांच्या आसपास, आणि मृत्यू मात्र एकूण मृत्यूंच्या छत्तीस टक्के. या रस्त्यांवर वाहतूक जास्त आणि वेगही जास्त, हे खरे. पण गल्लीत चुकणारा माणूसच महामार्गावर चुकतो. गल्लीत त्याचा आरसा फुटतो, महामार्गावर माणूस जातो. स्वीडनच्या संसदेने १९९७ साली एक धोरण मान्य केले. त्याचा गाभा असा की, माणूस चुकणारच असे धरून रस्ता बांधायचा, आणि चुकीची शिक्षा मृत्यू असता कामा नये. आपल्याकडे चुकीला कितपत माफी आहे, ते खानदेशातल्याच काही प्रसंगांवरून पाहू.

४ जुलै २०२३. शिरपूर तालुक्यातले पळासनेर. मध्य प्रदेशातून धुळ्याकडे येणाऱ्या एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. पुढची वाहने ठोकरत तो थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. बसची वाट पाहत उभी असलेली माणसेही त्याच्या तडाख्यात सापडली. किमान दहा जण मृत्युमुखी पडले, वीसहून अधिक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत 'ब्रेक फेल' हे दोन शब्द होते, आणि वाचणाऱ्याला वाटले की कारण कळले.

ब्रेक फेल होतो म्हणजे काय होते? मी त्या एका वाहनाबद्दल बोलत नाही, घाट उतरणाऱ्या कोणत्याही अवजड वाहनाबद्दल बोलतो. सेंधव्याकडून बिजासन घाटाने सातपुडा उतरताना ट्रक उंची गमावतो, आणि गमावलेल्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरला तर जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यावर सुमारे नव्वद लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापेल. लग्नातल्या आंघोळीच्या बंबाचा अंदाज घ्या. चालकाने वेग फक्त ब्रेक दाबून आवरला, तर ही सगळी उष्णता चाकांच्या ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. लायनर तापले की त्यांची पकड सुटते. ड्रमसुद्धा तापून फुगतो आणि लायनरपासून दूर सरकतो. पायाखाली पेडल आहे, टाकीत हवा आहे, पण चाक थांबत नाही. ब्रेकला वास सुटतो, धूर येतो, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वाहनाला मागे ओढून धरते आणि ब्रेकवरचा बराच भार इंजिन घेते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारा चालक नेमका हा आधार तोडतो. शिवाय ट्रकवर परवान्यापेक्षा पाच टन जास्त माल असेल, तर त्या पाच टनांची उष्णताही त्याच लायनरांना सोसावी लागते. आता कारणे मोजा. जादा माल भरणारा, लायनर पुढच्या खेपेला बदलू म्हणणारा, अमुक वेळेत माल पोहोचला नाही तर भाडे कापणारा, आणि शेवटी पेडलवर पाय असलेला. फिर्यादीत नाव येते ते शेवटच्याचे. आणि आणखी एक गोष्ट, जी कोणाच्याच नावावर लिहिली जात नाही. लांब उताराच्या पायथ्याशी, वाहने सर्वांत तापलेली असतात त्या जागी, माणसांची गर्दी होईल असा थांबा किंवा ढाबा असावा का? घाटात ब्रेक गेलेल्या वाहनासाठी वाळू-खडीचा चढता फाटा काढण्याची पद्धत जगभर आहे. वाहन त्यात रुतते आणि चालकही वाचतो.

पळासनेरहून खाली येऊन सातपुड्याच्या पायथ्याने पूर्वेकडे निघालो की शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता लागतो. हा आपला केळीचा पट्टा. या रस्त्याचा मोठा भाग दुपदरी, आणि त्यावर एकाच वेळी केळीचे ट्रक, वाळूचे डंपर, ट्रॅक्टर, बैलगाड्या, लग्नाच्या क्रूझर आणि दुचाक्या. २ फेब्रुवारी २०२० च्या रात्री यावल तालुक्यात हिंगोण्याजवळ लग्नाच्या कार्यक्रमाहून परतणाऱ्या जीपगाडीची आणि डंपरची टक्कर झाली. किमान दहा माणसे गेली. एका घराच्या दारचा मांडव उतरायच्या आत नात्यातल्या दुसऱ्या घरांत आकांत.

दुपदरी रस्त्यावरच्या समोरासमोरच्या धडकेमागे बहुधा ओव्हरटेक असतो, आणि ओव्हरटेकचे गणित आपल्याला कोणी शिकवत नाही. परवाना काढताना आठचा आकडा काढायला लावतात, हे गणित विचारत नाहीत. तुमच्यापुढे ताशी ५० किलोमीटरने ट्रक चालला आहे, तुम्ही ८० ने. दोघांतला फरक ३०, म्हणजे सेकंदाला साधारण आठ मीटर. मागचे अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे सुरक्षित शिरण्याचे अंतर धरून तुम्हाला पन्नासेक मीटर पुढे सरायचे आहे. सहा सेकंद लागतात. या सहा सेकंदांत तुमची गाडी १३० मीटरहून जास्त पळते. समोरून कोणी ८० ने येत असेल तर तोही तितकाच पुढे आलेला असतो. म्हणजे ओव्हरटेक सुरू करताना समोर किमान २७० मीटर रस्ता मोकळा हवा, आणि हा अगदी काठावरचा हिशेब झाला. समोरचा शंभरने येत असेल, तर तेवढेही पुरत नाहीत. रात्री समोरच्या दोन दिव्यांकडे पाहून अंतराचा आणि वेगाचा अंदाज माणसाच्या डोळ्याला करताच येत नाही. दिवा एकच असेल तर ती दुचाकी आहे की एक दिवा गेलेला ट्रक, हे कळेपर्यंत सहा सेकंद संपलेले असतात.

रात्रीचेच दुसरे गणित. ताशी ८० ने जाणाऱ्या मोटारीच्या चालकाला पुढचा अडथळा दिसला, त्याचा पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला दीड सेकंद लागला असे धरा. तेवढ्यात गाडी ३३ मीटर गेली. नंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरने थांबायला आणखी ४० मीटर. एकूण ७३-७४ मीटर. डिपर मारल्यावर, म्हणजे दिवा खाली केल्यावर, उजेड पडतो चाळीस-पन्नास मीटरवर. पुढे उसाची किंवा कापसाची ट्रॉली, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चालक प्यायलेला नसला, झोपेत नसला, अगदी दक्ष असला तरी त्याला ती दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेली नसेल. वेग निम्मा, म्हणजे ४० असता, तर सत्तावीस मीटरमध्ये गाडी थांबली असती. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. हे सूत्र नववीच्या मुलाला पाठ असते आणि परवाना मिळाला की तो ते विसरतो. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला मोठा खर्च येत नाही. ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधणाऱ्या माझ्या शेतकरी भावांनी लिंबाशेजारी ही पट्टी लावावी.

आता आपल्या काळ्या मातीविषयी. तापीकाठची ही माती कापूस आणि केळी पिकवते, पण रस्त्याला ती फार त्रासदायक. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो हे सगळ्यांना माहीत आहे. रस्त्याच्या मधल्या भागाखाली ओलावा त्यातल्या त्यात स्थिर राहतो, कडेला मात्र दरवर्षी हा फुगण्या-आकसण्याचा खेळ चालतो. त्यामुळे कडा तुटते आणि साइडपट्टी खचते. डांबर वर, माती चार-सहा इंच खाली. दिसायला किरकोळ. वीसेक वर्षांपूर्वी पारोळ्याच्या अलीकडे समोरून आलेल्या बसला वाट देताना माझ्या स्कूटरचे चाक असेच खाली उतरले. घाबरून मी हँडल वर वळवले. चाक कडेला घासत राहिले, चढेना, म्हणून आणखी वळवले, आणि एकदम चढले तेव्हा वळलेल्या हँडलासकट स्कूटर थेट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. मागून बस नव्हती म्हणून आज बोलतो आहे. चारचाकीचेही हेच होते. बातमीत येते, 'चालकाचा ताबा सुटला'. ताबा सुटला तो त्या चार इंचांनी. चाक खाली उतरले तर हँडल सरळ ठेवून वेग हळूहळू कमी करावा, ब्रेक जोरात दाबू नये, आणि माती-डांबर समपातळीत येईल तिथे सावकाश वर यावे. हे मला पडल्यावर कळले. पण चालकाने काय करावे हा निम्मा भाग झाला. साइडपट्टीवर मुरूम टाकून तो दाबणे हे पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर करायचे काम आहे, आणि त्याचे उद्‌घाटन करायला कोणी येत नाही.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर टायरचेही सांगतो. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसवर गेला की पुष्कळ जण टायरमधली हवा मुद्दाम कमी करतात, गरमीने फुटेल म्हणून. हे उलटे आहे. हवा कमी असलेला टायर फिरताना जास्त दबतो, त्याच्या बाजू सारख्या दुमडतात, आणि त्या दुमडण्यानेच तो आतून तापतो. सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीने सांगितली तेवढी हवा भरावी.

त्याच अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर यावल तालुक्यातले किनगाव. १४ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्री धुळ्याकडून रावेरला पपई घेऊन निघालेला ट्रक उलटला आणि पंधरा मजूर दगावले. त्यांतले बरेच रावेर तालुक्यातल्या आभोडा, केऱ्हाळा या गावांचे. ही माणसे मालाबरोबर प्रवास करत होती. ट्रक उलटला आणि ती मालाखाली सापडली.

मालवाहू वाहनात माणसे बसवणे कायद्याने मना आहे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. पण दिवसभर पपई तोडून, भरून, मध्यरात्री घरी जायला त्या मजुरांपुढे दुसरे वाहन कोणते होते? माल ज्याचा आहे, त्याने माल नेण्याची व्यवस्था केलेली असते. मजुराला नेण्याची व्यवस्था मालाच्या वरच. केळीच्या कापणीची टोळी असो, ऊसतोड असो, कापूस वेचणाऱ्या बाया असोत, हाच प्रकार. चालकाला दंड केल्याने हा अपघात टळत नाही. मजुरीच्या हिशेबात येण्या-जाण्याच्या गाडीचे पैसे धरले तर टळतो. पिकावर फवारणीचा खर्च आपण हिशेबात धरतो, हाही धरता येईल. आणि चालकही त्या वेळी किती तास जागा आहे, हे कोणी विचारत नाही. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलेले आहे. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया मद्याची कायदेशीर मर्यादा ओलांडलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसले आहे. प्यायलेल्याला पकडायला यंत्र आहे, जागलेल्याला नाही.

१८ जुलै २०२२ चा दिवस अमळनेरकर विसरलेले नाहीत. इंदूरहून अमळनेरला येणारी एस. टी. बस मध्य प्रदेशात खलघाटजवळ नर्मदेच्या पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली. किमान बारा प्रवासी गेले. पुलाच्या कठड्याकडे आपण कधी नीट पाहत नाही. पुष्कळ जुन्या पुलांचे कठडे पायी जाणाऱ्याने टेकायचे कठडे आहेत, ते बस अडवण्यासाठी बांधलेलेच नव्हते. बस अडवणारा कठडा वेगळा असतो. तो सलग आणि जाड असतो, आणि धडकलेल्या वाहनाला पुन्हा रस्त्याकडे वळवतो. गिरणा, बोरी, पांझरा, तापी यांवरून आपण रोज जातो. पुढच्या वेळी खिडकीतून जरा कठडा पाहा.

आता गावातल्या गावात. 'गावातच तर जायचे आहे, हेल्मेट कशाला?' हे वाक्य मी माझ्या घरातही ऐकले आहे. माणूस नुसता उभ्या उंचीवरून, म्हणजे पाच फुटांवरून पडला तरी त्याचे डोके ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आपटते. त्यात गाडीचा वेग मी धरलेलाच नाही. हेल्मेटच्या आतला जाड थर दाबला जाऊन डोक्याला थांबायला दोन-तीन सेंटिमीटर जागा देतो. कवटीला एरवी ती मिळत नाही. सगळी करामत त्या दोन-तीन सेंटिमीटरची. २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे दुचाकीवर गेली, आणि त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली होती. मागे बसणारी बहुधा आपल्याकडे बाई असते, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर मूल. नव्या दुचाकीला मागच्या चाकावर जाळी, पकडायला दांडी आणि पाय ठेवायला जागा असलीच पाहिजे असा नियम आहे. तरुण मुले ती जाळी पहिल्या दिवशी काढून टाकतात, गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून. मग पदर चाकात जातो.

आणि अपघात झाला की आपण काय मागतो? गतिरोधक. रास्ता रोको होतो, अधिकारी येतात, रात्रीत डांबराचा उंचवटा तयार होतो. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आधी फलक नाही. आठ दिवसांत त्याच उंचवट्यावरून मागे बसलेली कोणाची तरी आई उसळून पडते. लोकांचा राग खरा असतो, पण मागणी चुकते. महामार्गावर हवा असतो तो भुयारी मार्ग, दुभाजकातल्या अनधिकृत फटी बुजवणे, वेग आधीपासून कमी करायला लावणारी रचना आणि चौकात उजेड.

सरकारी भाषेत 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे अपघातप्रवण स्थळ कशाला म्हणतात, हे माहीत असले तर मागणीला जोर येतो. राष्ट्रीय महामार्गाचा सुमारे पाचशे मीटरचा तुकडा घ्यायचा. तिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे गेली, तर ते अपघातप्रवण स्थळ. व्याख्या चांगली आहे, पण तिच्यात बसायला आधी माणसे मरावी लागतात, आणि ती नोंदलेली असावी लागतात. माझी सूचना अशी की महामार्गालगतच्या प्रत्येक गावाने शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, नेमकी जागा किलोमीटरच्या दगडासह, वाहने कोणती, पाऊस होता का, दिवे होते का. थोडक्यात वाचलेले प्रसंगही लिहावेत. मोठ्या अपघाताची सूचना तेच देतात. भूमितीचे दोन विद्यार्थी आणि एक टेप असली तर वळणावर समोरचे वाहन किती मीटरवरून दिसते हेही मोजता येईल. त्या वहीच्या प्रती जोडून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला तर तो नुसत्या निवेदनासारखा बाजूला ठेवणे अवघड जाते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९८-अ हे कलम आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम थोडी आहे. पण चालकाखेरीज आणखी कोणी जबाबदार असू शकतो, हे कायद्याने त्यात मान्य केले आहे. अर्जात हे कलम जरूर लिहावे.

शेवटी, अपघात समोर घडलाच तर. पोलिसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून गाड्या पुढे निघून जातात, हे मी पाहिले आहे आणि एकदा, सांगायला लाज वाटते, मीही गेलो आहे. आता ती भीती धरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही, थांबवून ठेवता येत नाही. १०८ क्रमांक फिरवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही आहे. फोनवर 'पारोळ्याजवळ' असे सांगू नका, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. जखमीला पाणी पाजू नका. मान वाकडी असेल तर ओढून काढू नका, आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका असेल तरच हलवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल घट्ट दाबून धरा आणि धरूनच ठेवा, दर मिनिटाला उचलून पाहू नका. मे २०२५ पासून अपघातातल्या जखमीवर नेमून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता करण्याची योजना लागू झाली आहे. आणि धडक देऊन वाहन पळून गेले असेल तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज तहसील किंवा प्रांत कचेरीत करायचा असतो. आपल्याकडची बरीच कुटुंबे तो करतच नाहीत, कारण तसे काही असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.